बी.एड.च्या छात्राध्यापकांना विशेष गरजांच्या मुलांसाठी तयार करताना: कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

दर वर्षी आंतरवासिता संपली की माझ्या टेबलावर व्यक्ती-अभ्यासाच्या फायलींचा गठ्ठा येऊन पडतो. प्लास्टिकचं कव्हर, स्केचपेनच्या चौकटी, पहिल्या पानावर कॉलेजचा लोगो. आणि आत, बहुतेक फायलींत, एक वाक्य हमखास असतं: 'बालक बी आणि डी या अक्षरांत गोंधळ करतो.' मूल तिसरीतलं, शाळा इंदूरची, हिंदी माध्यमाची, आणि सोबत जोडलेल्या वहीच्या पानावर इंग्रजीचं एक अक्षर नाही. ते वाक्य मागच्या बॅचच्या फायलीतून आलेलं असतं, आणि त्या फायलीत त्याच्याही मागच्या.

छात्राध्यापकांना दोष देऊन मोकळं होता येईल. पण मी स्वतःच कित्येक वर्षं हा विषय उलट्या क्रमाने शिकवला. दिव्यांगजन अधिकार अधिनियम २०१६ मधले २१ प्रकार आधी पाठ करून घ्यायचे, लक्षणांचे तक्ते वाटायचे, आणि मग 'जा, शाळेत एक केस शोधा' म्हणून सोडून द्यायचं. यादी खिशात घेऊन गेलेली मुलगी वर्गात बसून यादीच तपासत राहते. म्हणून क्रम फिरवला. आधी पाहायचं, मग आपला पाठ बदलायचा, काय फरक पडला ते लिहायचं. अडचणीला नाव द्यायचं ते सगळ्यात शेवटी, आणि तेही आपण द्यायचं नाही.

हे बी.एड. आणि डी.एल.एड. शिकवणाऱ्यांसाठी, आणि ज्यांच्या वर्गात छात्राध्यापक येतात त्या शाळेतल्या शिक्षकांसाठी लिहिलं आहे. कार्यालयांची नावं मध्य प्रदेशातली आहेत. महाराष्ट्रात ती बदलतील, क्रम तोच.

टप्पा १: शाळेत जाण्याआधीचे पंधरा दिवस

दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये शाळेतले २० आठवडे असतात, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. या सोळांपैकी पहिले चौदा पाठांची संख्या भरण्यात जातात आणि 'समावेशक'चं काम शेवटच्या पंधरवड्यात कोंबलं जातं. फायली उतरवल्या जातात त्या इथेच. हे काम पहिल्या आठवड्यात सुरू झालं पाहिजे, आणि त्यासाठी आधी पुढची जमवाजमव लागते.

मुख्याध्यापकांना पत्र द्या. त्यात स्पष्ट लिहा की छात्राध्यापक पहिले पाच दिवस पाठ घेणार नाहीत, मागे बसून पाहतील. हे लिहिलं नाही तर पहिल्याच दिवशी गैरहजर शिक्षकांचे तास त्यांच्या गळ्यात पडतात.

तालुक्याच्या जनपद शिक्षा केंद्रात, म्हणजे सगळे ज्याला नुसतं बीआरसी म्हणतात तिथे, दिव्यांग मुलांचं काम पाहणारे एमआरसी असतात. त्यांचं नाव आणि नंबर आधीच घेऊन ठेवा. ते रोज शाळेत येणार नाहीत. विशेष शिक्षक किती असावेत याचं प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं आहे: प्राथमिकला १० विशेष गरजांच्या मुलांमागे १, त्यापुढे १५ मागे १. तुमच्या शाळेत ते प्रमाण दिसलं तर मलाही कळवा. तोवर वर्गशिक्षकालाच बरंच काही यावं लागणार, असं धरून चाला.

शाळेकडून दिव्यांग म्हणून नोंदलेल्या मुलांची यादी मागून घ्या आणि स्वतःच्या खणात कुलपात ठेवा. छात्राध्यापकांना दाखवू नका. अपवाद एकच: फिट येणं, हृदयविकार अशी जिवाशी गाठ असलेली माहिती. ती पहिल्याच दिवशी द्या.

प्रत्येकाजवळ हे सामान असू द्या: शिवलेली शंभर पानी वही (सुटे कागद नकोत, ते नंतर 'तयार' होतात), शिंप्याची टेप, जाड काळं स्केचपेन, एका ओळीएवढी खिडकी कापलेला पोस्टकार्डाच्या आकाराचा पुठ्ठा, आणि सेकंद दाखवणारं घड्याळ.

खबरदारी: मुलांचे फोटो काढायचे नाहीत. फाईल सुंदर दिसावी म्हणून व्हीलचेअरवरच्या मुलाशेजारी उभं राहून काढलेला फोटो मी फाडून परत देते.

टप्पा २: मोडीचा तास

बऱ्याच कॉलेजांत संवेदनशीलता वाढवायची म्हणून डोळ्यांना पट्टी बांधून दहा मिनिटं चालायला लावतात. ते बंद करा. दहा मिनिटं आंधळं होऊन भीती कळते आणि दया येते. आंधळं मूल वर्षानुवर्षं कसं जगतं, शिकतं, त्यातलं काहीच कळत नाही.

त्याऐवजी मी मोडीचा एक कागद वाटते. होळकरांचं दप्तर मोडीत होतं, तेव्हा इंदूरच्या मराठी घरांत मोडीचं नाव तरी माहीत असतं. भाषा मराठी, म्हणजे स्वतःची, पण अक्षर लागत नाही. हिंदी भाषक छात्राध्यापकांना हिंदीच मजकूर गुजराती लिपीत लिहून देते. त्यातली निम्मी अक्षरं ओळखीची वाटतात आणि निम्मी फसवतात. मग एकेकाला उभं करून मोठ्याने वाचायला सांगायचं.

एका वर्षी बॅचमधल्या सगळ्यात चटपटीत मुलीला आधी उभं केलं. तिने कागद घेतला, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं, 'श्री' तेवढं ओळखलं. मग घसा खाकरला. कागद खिडकीच्या उजेडाकडे धरला. म्हणाली, "मॅडम, झेरॉक्स नीट आली नाहीये." मागून कुणीतरी हसलं. तिने कागद बाकावर ठेवला आणि विचारलं, "पाणी पिऊन येऊ?"

हे सगळं फळ्यावर लिहून ठेवा: घसा, उजेड, झेरॉक्स, पाणी. पुढच्या आठवड्यात शाळेतून परतल्यावर त्यांना विचारा, यातलं काय काय दिसलं. सगळंच दिसलेलं असतं. फक्त आधी त्याला 'कामचुकार' म्हटलं जायचं.

शेवटी तोच मजकूर तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. क्षणात सगळ्यांना अर्थ लागतो. प्रश्न वाचून दाखवणं म्हणजे कॉपी, असं मानणारे इथे थोडे गप्प होतात. परीक्षेच्या टप्प्यात याची आठवण करून द्यावी लागते.

तास संपताना शब्दांचं बोलून घ्या. ढ, मंदबुद्धी, बहिरा, 'तो आरटीईवाला', 'ती झाबुआवाली' (झाबुआ, मध्य प्रदेशातला आदिवासी जिल्हा). स्टाफरूममध्ये हे शब्द मुलांच्या नावासारखे वापरले जातात आणि छात्राध्यापक तिसऱ्या दिवशी उचलतात. पर्यायी गोड शब्द शिकवण्यात वेळ घालवू नका. मुलाला नाव असतं, ते घ्यावं.

टप्पा ३: पहिले पाच दिवस फक्त पाहणं

सगळं इथे ठरतं, आणि सगळ्यात जास्त घाई इथेच होते.

कुणाला पाहायचं? वर्गशिक्षक पहिल्या तासालाच बोट दाखवतात, "इसको ले लो, ये कमज़ोर है." त्यांचे आभार मानायचे आणि हजेरीपटातून चिठ्ठी टाकून एक क्रमांक काढायचा. त्या मुलाला दोन दिवस पाहायचं. तिसऱ्या दिवशी स्वतःच्या नजरेत आलेलं दुसरं मूल निवडायचं. चिठ्ठीतलं मूल बहुधा 'नॉर्मल' निघतं, आणि त्याला पाहताना कळतं की नॉर्मल मूलही तासाला दहादा खिडकीकडे बघतं. हे कळल्याशिवाय दुसऱ्याच्या खिडकीकडे बघण्याला काही अर्थ नाही. तुमच्या खणातली यादी दाखवायची नाही ती याचसाठी.

कुठे पाहायचं? निदान तीन ठिकाणी: पहिला तास, मधल्या सुट्टीनंतरचा तास, आणि जेवणाची रांग किंवा मैदान. वर्गात वीसपर्यंत न मोजणारा मुलगा मैदानात सितोलियाचा, म्हणजे आपल्या लगोरीचा, हिशोब चोख ठेवतो. ही नोंद फाईलमधल्या कुठल्याही चाचणीपेक्षा मोलाची आहे.

कसं लिहायचं? पाच दिवस विशेषणांना बंदी. आळशी, चंचल, हुशार, गरीब, घाबरट, काही नाही. दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच, वेळ घालून.

असं नको: 'मुलाचं अभ्यासात लक्ष नसतं.'

असं हवं: '११.१० ते ११.२०. फळ्यावरचं उतरवताना दर शब्दाला मान वर. चार वेळा शेजारच्याच्या वहीत पाहिलं. बाई जवळ आल्या की पेन्सिल थांबते. उतरवलेल्या तीन ओळींत दोन शब्द अर्धे.'

पहिल्या वाक्यापुढे काही करता येत नाही. दुसऱ्यातून लगेच प्रश्न निघतो: दर शब्दाला मान वर का? दिसत नाही म्हणून, की शब्द डोक्यात टिकत नाही म्हणून? त्याचं उत्तर पुढच्या टप्प्यात.

तपासा: पाचव्या दिवशी वह्या गोळा करा. ज्या ओळीत वेळ नाही किंवा 'त्याला असं वाटतं' आहे, ती खोडा. उरलेल्या ओळी वीसपेक्षा कमी असतील तर त्या छात्राध्यापकाला आणखी तीन दिवस पाहायला बसवा. रडतील. बसवा.

टप्पा ४: चार साधे प्रश्न, याच क्रमाने

अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता हे शब्द डोक्यात येण्याआधी हे चार प्रश्न निकालात निघाले पाहिजेत. क्रम महत्त्वाचा, कारण एकाचं उत्तर दुसऱ्याचं सोंग घेतं.

मूल येतं का? दोन वर्षांचा हजेरीपट पाहा. इंदूरच्या बांधकामांवर झाबुआ, अलिराजपूर, बडवानीकडून कुटुंबं येतात. होळीच्या आधी भगोरियाच्या जत्रेला गावी जातात, परत येतात ती कदाचित दुसऱ्याच साइटवर आणि दुसऱ्याच शाळेत. जोडाक्षरं शिकवली त्या महिन्यात मूल शाळेतच नव्हतं, तर त्याला जोडाक्षरं न येणं हे लक्षण कसं होईल? कुठल्या तारखांना गैरहजर आणि त्या दिवसांत काय शिकवलं गेलं, एवढं शेजारी शेजारी लिहिलं की अर्धी कोडी सुटतात.

ऐकू येतं का? पावसाळ्यात कान वाहणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. 'कान फुटलाय, होईल बरा' म्हणून घरचे सोडून देतात. मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभं राहा, एक कान त्याच्याच तळहाताने झाकायला सांगा, कुजबुजत तीन आकडे म्हणा आणि त्याला ते म्हणायला सांगा. मग दुसरा कान. चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. ही चाळणी आहे, निदान डॉक्टर करतील.

दिसतं का? सगळ्यात सोपी आणि कुणीही न केलेली तपासणी: छात्राध्यापिकेने मुलाच्या जागेवर, मुलाच्या उंचीवर डोळे आणून बसावं आणि फळा वाचावा. एका वर्गात आमची छात्राध्यापिका अशी बसली तेव्हा खिडकीतल्या उन्हाने फळ्याचा डावा तिसरा हिस्सा नुसता चकाकत होता. त्या ओळीतली तिन्ही मुलं 'कमज़ोर' होती. चकाकी नसेल तर टेपने मोजा, किती अंतरावरून शब्द वाचता येतो, आणि दोन दिवस पुढच्या बाकावर बसवून वही पाहा. फरक पडला तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे आरबीएसकेचं पथक शाळेत येतं त्या यादीत नाव घालायला वर्गशिक्षकांना सांगा.

भाषा कळते का? इथे थोडं रेंगाळायला हवं.

मराठी घरातलं मूल हिंदी वर्गात 'मेरा पुस्तक' लिहितं, कारण मराठीत पुस्तक ती नसते, ते असतं. भिली बोलणारं मूल 'सात' म्हणताना 'हात' म्हणतं. बाई विचारतात, सहानंतर काय? मूल म्हणतं हात. वर्ग हसतो, बाई 'चूक' म्हणतात. त्याच मुलासमोर खडे ठेवून 'सात दे' म्हटलं तर ते बरोबर सात खडे मोजून देतं. माळवी, निमाडी, सिंधी, गुजराती, प्रत्येक घराची अशी चूक असते, आणि ती नियमाने होते. दर वेळी तीच, बोलतानाही आणि लिहितानाही.

वाचन-लेखनाची खरी अडचण असेल तर चित्र वेगळं दिसतं. बोलणं वयाला साजेसं, पण लिहिताना एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी. देवनागरीत काय पाहायचं तेही सांगा: पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी आणि तोंडात नंतर येते, तिथे होणारा गोंधळ, घ-ध, भ-म, ब-व यांची अदलाबदल, जोडाक्षर फोडून वाचणं, अनुस्वार गळणं, ओळ सुटणं. पुठ्ठ्याची खिडकी ठेवून वाचायला दिल्यावर वाचन सुधारतं का, तेही पाहा. बी-डी चा जप आता पुरे.

भाषा आणि अडचण वेगळी करायला मी ही तपासणी वापरते. पाठ्यपुस्तकातला एक उतारा वाचून दाखवा आणि तीन प्रश्न विचारा. तेवढाच कठीण दुसरा उतारा मुलाला वाचायला द्या, तीन प्रश्न. तिसरा उतारा घरच्या भाषेत सांगा, हवं तर त्याच वस्तीतल्या मोठ्या मुलीकडून सांगवा, तीन प्रश्न. ऐकून कळतं पण वाचून कळत नाही, तर वाचनाकडे बघा. घरच्या भाषेत कळतं आणि हिंदीत नाही, तर भाषेकडे. तिन्हीकडे अडतं, तर पुन्हा कानापासून सुरुवात करा.

खबरदारी: भाषा वेगळी आणि शिवाय अक्षमता, असं दोन्ही एका मुलात असू शकतं. 'आदिवासी आहे, म्हणून येत नाही' हेही लेबलच आहे.

टप्पा ५: टाचणाची दुरुस्ती

बहुतेक टाचणांत, म्हणजे पाठाच्या आराखड्यांत, शेवटी एक रकाना असतो, 'विशेष बालकांसाठी', आणि त्यात एक ओळ: 'अतिरिक्त लक्ष दिले जाईल.' ही ओळ दिसली की मी टाचण परत करते. लक्ष कसं देणार? डोळे वटारून?

दुरुस्तीचा क्रम असा. उद्दिष्ट आधी एका ओळीत लिहा आणि त्याला हात लावू नका. मग तीनच गोष्टी बदला: दाखवायचं कसं, करायला काय द्यायचं, उत्तर कसं घ्यायचं. चौथीच्या वर्गाचं उदाहरण घेऊ. उद्दिष्ट: पाव, अर्धा, पाऊण ओळखणं.

आधीचं टाचण: फळ्यावर वर्तुळं, त्यांत रेघोट्या, मुलांनी उतरवायचं, स्वाध्यायातली पाच गणितं.

दुरुस्त टाचण: प्रत्येकाला रद्दी कागदाची एक पोळी. घडी घाल, अर्धी. आणखी एक घडी, पाव. तीन पाव एकत्र, पाऊण. अल्पदृष्टी असलेल्या मुलीसाठी घडीवर जाड काळ्या स्केचपेनची रेघ. घडी बोटालाही लागतेच. भिली बोलणाऱ्या मुलाला विचारायचं, तुमच्याकडे अर्ध्याला काय म्हणतात? ते उत्तर फळ्यावर 'आधा'च्या शेजारी. हात नीट न चालणाऱ्या मुलाने तुकडा उचलून दाखवला की उत्तर झालं, लिहायला हवंच असं नाही. ज्याला हे आधीच येतं (किराण्याच्या दुकानात बसणाऱ्या मुलाला पावशेर आणि पाऊण किलो तोंडपाठ असतं) त्याला सव्वा आणि दीड.

पाहा, 'विशेष' रकाना लागलाच नाही. घड्या सगळ्यांनीच घातल्या.

नेहमीच्या चुका दोन. एक, सोपं करणं म्हणजे रंगवायला देणं. बाकीचे पाऊण शिकतात आणि हा पोपट रंगवतो. दोन, एक शहाणी मुलगी कायमची मदतनीस म्हणून शेजारी बसवणं. महिन्याभरात तिची आया होते आणि त्याचं बाहुलं. जोड्या दर आठवड्याला बदला.

तपासा: सुरुवातीला आठवड्याला एकच पाठ असा बनवायला सांगा. पाठानंतर त्याच दिवशी वहीत तीन ओळी: काय बदललं, मुलाने काय केलं, उद्या काय ठेवणार. सगळे पाठ बदलायला लावलेत तर पुन्हा 'अतिरिक्त लक्ष' सुरू होईल.

टप्पा ६: फिट आली तर, आणि इतर काही

हे कॉलेजातच, जमिनीवर सतरंजी घालून, एकाला झोपवून करून घ्या. नुसतं वाचून प्रसंगी आठवत नाही.

पहिलं काम, घड्याळ पाहणं. मग आजूबाजूचे बाक सरकवा, डोक्याखाली दुपट्टा, गळ्याजवळचं बटण सैल, मुलाला कुशीवर वळवा. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात चमचा, रुमाल, पाणी काहीही घालायचं नाही. कांदा हुंगवायचा नाही, चप्पल तर मुळीच नाही. झटके पाच मिनिटांपेक्षा जास्त चालले, शुद्धीवर येण्याआधी दुसरी फिट आली, लागलं असेल, किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असेल, तर १०८. एकाने मुलाजवळ थांबायचं, दुसऱ्याने बाकीच्या वर्गाला बाहेर न्यायचं, कारण कपडे ओले होतात आणि ते चाळीस जणांनी पाहायची गरज नसते. सरावात पाच मिनिटं खरोखर घड्याळ लावून काढा. किती लांब असतात ते तेव्हाच कळतं.

बाकीचं थोडक्यात. ऐकू कमी येणाऱ्या मुलासमोर फळ्याकडे तोंड करून बोलू नका; आपल्या चेहऱ्यावर उजेड हवा, पाठीमागे खिडकी नको. श्रवणयंत्र शिट्टी मारत असेल तर बहुधा ते कानात नीट बसलेलं नाही. व्हीलचेअर न विचारता ढकलू नका. स्वमग्न मुलाला वेळापत्रकातला बदल आदल्या दिवशी सांगा, आणि २६ जानेवारीच्या बँडच्या तालमीच्या वेळी त्याला लांबच्या खोलीत बसायची मुभा द्या.

टप्पा ७: नाव देण्याचं काम आणि पालक

आता, साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात, छात्राध्यापकाजवळ नोंदी आहेत, चार प्रश्नांची उत्तरं आहेत, आणि पाठ बदलून काय झालं ते आहे. इतकं करूनही मूल अडत असेल तरच पुढे जायचं. एनसीईआरटीची 'प्रशस्त' ही पडताळणी सूची आता काढा. तिचा पहिला भाग वर्गशिक्षकाने भरायचा असतो. छात्राध्यापकाने आपल्या नोंदी घेऊन शेजारी बसावं, सही त्याची नाही.

मग क्रम असा: वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, पालकांशी बोलणं, एमआरसी, आणि त्यानंतर जिल्हा रुग्णालयातलं मेडिकल बोर्ड. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, त्याच वाटेने निघतं. शाळेच्या नोंदीशी जुळवायला मुलाची समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकार देतं तो ओळख क्रमांक) लागते. तिच्यातलं नाव आणि जन्मतारीख आधारशी आधी ताडून पाहा, एका मात्रेच्या फरकाने कागद परत येतो. विशिष्ट अध्ययन अक्षमतेबाबत २०१८ च्या केंद्रीय सूचनांत प्रमाणपत्रासाठी किमान वय आठ वर्षं होतं, आणि १४ व १८ व्या वर्षी फेरतपासणी. पहिलीतल्या मुलाला 'डिस्लेक्सिया' म्हणून धाडणं म्हणजे आईची एक दिवसाची मजुरी बुडवणं.

पालकांशी वर्गशिक्षकांनी बोलावं, छात्राध्यापकाने ऐकावं. पण कसं बोलायचं याचा सराव कॉलेजात करा.

असं नको: "ताई, तुमच्या मुलाला काहीतरी प्रॉब्लेम आहे, डॉक्टरला दाखवा."

असं हवं: "ताई, हा खडे घेऊन बेरीज बरोबर करतो. गोष्ट ऐकली की सगळी सांगतो. वाचताना मात्र अडतो. घरी तुम्हाला काय दिसतं?"

आधी त्याला काय येतं ते, मग एकच अडचण, मग प्रश्न. आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं छात्राध्यापकांना सगळ्यात जड जातं. आई दोन मिनिटांनी बोलते, आणि जे सांगते ते कुठल्याच सूचीत नसतं.

खबरदारी: 'आपोआप होईल, मोठा झाला की' आणि 'हा कधीच शिकणार नाही', ही दोन्ही वाक्यं आपल्या तोंडून निघता कामा नयेत.

टप्पा ८: परीक्षा

सवलत परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आठवते. केंद्राच्या सूचनांनुसार तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक, ही तरतूद आहे. पण ज्या मुलाने उभ्या जन्मात कुणाला उत्तर सांगून लिहवून घेतलेलं नाही, त्याच्यासमोर अचानक लेखनिक बसवला तर ते बावरतं आणि एकेका शब्दाचं उत्तर देतं. घटक चाचण्यांपासून महिनाभर सराव हवा. लेखनिक होण्याचा सराव छात्राध्यापकांनीही करावा: सांगितलं तेच लिहायचं, वाक्य सुधारायचं नाही, भुवई उंचवायची नाही. मोडीच्या तासाची आठवण इथे करून द्या.

टप्पा ९: निघताना

सोळावा आठवडा संपला की छात्राध्यापक जातो. मूल तिथेच असतं. आठवडाभर आधी मुलाला तारीख सांगा, कॅलेंडरवर दाखवा. मिठाई, भेटवस्तू, रडारड नको.

वर्गशिक्षकांना एक पान द्या, एकच, कारण दोन वाचली जात नाहीत. त्यावर तीन मथळे: काय केल्याने चाललं, काय केल्याने चाललं नाही, पुढची तारीख कुठली (तपासणीची, कार्डाची, आरबीएसकेची). कॉलेजात येणाऱ्या वहीतलं मुलाचं नाव, शाळेचं नाव आणि वस्ती जाड काळ्या स्केचपेनने खोडा. उलट बाजूने उजेडात धरून वाचता येत नाही ना, ते पाहा.

गुण देताना मी आता कव्हर आणि पहिली पानं बघतच नाही. वही घेते आणि थेट तिसऱ्या दिवसाच्या नोंदी उघडते. तिथे वेळा लिहिलेल्या असतील तर पुढे वाचते. नसतील तर वही परत.